शेवटी कोणी गायचं

पद्मा,

मागच्या आठवड्यात आपल्या संगीत मंडळाची माणसं घरी येऊन गेली. तुझ्या नावानं एक बैठक ठेवायची म्हणतात. नांदेडहून गवई येणार. आधी तासभर एक शिकाऊ मुलगा गाणार, मग गवई, शेवटी भैरवी आणि भैरवीच्या आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली. नाना वकिलांनी सगळं ठरवूनच आणलं होतं, मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. सवयीनं माझी मान हललीसुद्धा. तेवढ्यात वाटलं, तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराला हात पुसत विचारते आहेस, "अन् त्यात माझं काय हाय?"

मी म्हटलं, "नाना, दोन दिवसांनी सांगतो."

"बरं," ते म्हणाले, "पण स्मरणिकेसाठी वहिनींबद्दल चार ओळी लिहून ठेवा."

त्या चार ओळी लिहायला बसलो आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे काही लिहीत नाही. ते ज्यांना हवं आहे त्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि आता मधेच उठून "दूध उतू चाललं" म्हणायची सोय तुला नाही.

मी गाणारा नाही, ऐकणारा. हे मी आयुष्यभर जरा छाती काढूनच सांगत आलो. हैदराबादला शिकायला होतो तेव्हा उपाशी राहून मैफिली ऐकल्या, हेही सांगत आलो. आणि तू देगलूरची. तुमच्या घरात रेडिओवर हैदराबाद लागायचं, बाजारात कानडी ऐकू यायचं, माजघरात मराठी ओव्या आणि मोहरमच्या दिवसांत गल्लीत मर्सिये, करबल्याची शोकगीतं. ही सगळी वेगवेगळी गाणी आहेत, हे लग्न होऊन लातूरला येईपर्यंत तुला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं.

पहिल्याच वर्षी मी तुला उतरंड समजावली होती. सगळ्यात वर ख्याल, त्याखाली ठुमरी, त्याखाली नाट्यगीत, मग भावगीत, मग भजन, आणि अगदी तळाला सिनेमा. तू नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मंग तेलुगू सिनेमा कुठं ठेवता?"

"तो उतरंडीत बसतच नाही."

"बरं झालं," तू म्हणालीस, "फुटायचं भेव न्हाई."

मी हसलो नव्हतो. आज हसलो, एकटाच.

तुझ्या बाजूनं सांगायचं तर तू माझं सगळं ऐकलंस. तव्यावरची भाकरी उलटत, धान्य निवडत, मुलीची वेणी घालत. एकदा ललत रागाची तबकडी लावली होती आणि तुझे डोळे भरून आले. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "कांदा." हातात कांदा नव्हता, समोर विळीही नव्हती. मला त्याचा किती आनंद झाला होता! वाटलं, आली एकदाची माझ्या बाजूला. तू कोणत्याच बाजूला जात नव्हतीस. तुझं जिथं होतं तिथंच राहून तू ऐकत होतीस. हा फरक मला तेव्हा कळला नाही.

आपला तालुका होता तोवर मंडळातही थोडं तसंच होतं. डाळमिलमधला एक पेटीवाला यायचा, तो नाट्यगीतंही वाजवायचा आणि लावणीही. उरूस झाला की दर्ग्यावरचे कव्वाल आपल्या सतरंजीवर एक संध्याकाळ बसायचे. मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्यासाठी पुढं खुर्च्या आल्या. एका बैठकीत नाना म्हणाले, "तालुक्याला चाललं ते चाललं. आता जिल्हा आहोत. गाणंही जिल्ह्याच्या तोलाचं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चिटणीस. त्या वर्षी कव्वालांकडे निरोप गेला नाही. तो न पाठवणारा मीच.

तुला सांगितलं तेव्हा तू भाजी चिरत होतीस. "म्हंजे जिल्हा झाल्यावर कान लहान होतात का मोठे?" एवढंच विचारलंस.

आणि मग ती बैठक, आपल्याच घरातली. नवे साहेब पहिल्यांदाच आले होते. पुरुष बाहेर, तुम्ही बायका आतल्या खोलीत, मधे पडदा. गवयानं यमनात एक जागा अशी घेतली की बाहेर सगळे क्षणभर दाद द्यायचं विसरले. त्या शांततेत पडद्यामागून तुझा आवाज आला, "बागुंदी!"

तुमच्याकडं तेलुगूत छान गोष्टीला असं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं. ते हसले. मग नाना हसले, मग सगळे. गवईसुद्धा हसला, पण तो खूश होऊन. मी मात्र मान खाली घातली. माणसं गेल्यावर तुला म्हणालो, "ऐक तू, आतून ऐक. पण बोलू नकोस. 'वाहवा' म्हणता येत नसेल तर गप्प राहावं."

"ऐकून गप्पच बसायचं असंल," तू कपबशा उचलत म्हणालीस, "तर मयतीला जाते की. तिथं चहा तरी करावा लागत न्हाई."

त्यानंतर बैठक असली की तू शेजारच्या घरी जाऊन बसायचीस. मी त्यालाही समजूतदारपणा म्हणायचो. तुझा.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही आला नाही. नव्या जिल्ह्यासाठी नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या मागं आपल्यासारख्यांच्या कॉलन्या झाल्या, पाणी मात्र जुन्या तालुक्याचंच होतं. टँकर सुरू झाला. दुपारी येतो म्हणायचे आणि उन्हं कलली तरी यायचा नाही. घागरींची रांग शाळेच्या भिंतीपर्यंत जायची. तू जाताना कपाळाला हात लावून जायचीस. काही दिवसांनी लक्षात आलं की तू टँकरच्या वेळेआधीच निघायला लागलीस, आणि केस विंचरून.

एका संध्याकाळी तूच सांगितलंस. हलीमाबी, आपल्या कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी, रांगेत उभी राहून आपल्या आईचं एक लग्नातलं गाणं गुणगुणत होती. मागच्या बाईनं ते उचललं. मग कोणीतरी म्हणालं, आता तुझं. असं करत तुमचा कायदा ठरला.

"घागर जिची, गाणं तिचं," तू म्हणालीस, "अन् धृपद समद्यांचं. कळो न कळो, तोंड उघडायचं. रांगेत उभं राहून नुसतं ऐकायचं न्हाई."

मी पेपरमधून "हं" म्हणालो.

"ऐकून राहिलात का?"

"हं."

मग तू जे सांगितलंस ते मी पेपर खाली ठेवून ऐकायला हवं होतं. शाळेतल्या सुजाताताई कांबळे रांगेत तुझ्या पुढं असायच्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी भीमगीत लावलं. सगळ्यांनी धृपद उचललं, तू नाही.

"मी तोंड मिटून रस्त्याकडं बघत उभी राहिले," तू म्हणालीस. "मला वाटलं, ह्ये काय गाणं हाय? घोषणा हाय. तिनं पायलं माझ्याकडं. मंग माझी पाळी आली. मी आमच्या देगलूरचं तेलुगू म्हनलं. तर पहिलं धृपद कोनी उचललं सांगा? तिनंच. एक शब्द कळत नसताना. लई लाज वाटली मला. दुसऱ्या दिशी तिचं गाणं मी समद्यांच्या आधी उचललं. अन् म्हनता म्हनता कळलं, घोषणा न्हाई ती. तिच्या बापानं रात्रशाळेत शिकताना बांधलेलं गाणं हाय ते." आणि वर म्हणालीस, "मी बी तुमच्याच घरची हाय. उतरंड लावतेच."

तू स्वतःच्या चुकीची गोष्ट किती सहज सांगितलीस. मला अशी एक सांगायला तुझं जाणं लागलं.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आला तेव्हा तू विचारलंस, "आमच्या तिघींचं एक गाणं ठेवता का?" हलीमाबी, सुजाताताई आणि तू. एकच गाणं, तुझं तेलुगू, धृपद तिघींचं. तू आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी फार नाहीत. ही एक.

मंडळात क्रम म्हणजे सर्वस्व. जो लहान तो आधी, जो मोठा तो शेवटी. कोणाला कुठं बसवलं यावरून गवई रुसतात, आल्या पावली परत जातात. कोणी न दुखावता क्रम लावणं हा माझा हातखंडा. मी तुमच्यासाठी जागा शोधली. नकार द्यायचा नव्हता आणि साहेबांसमोर तुम्हाला बसवायचंही नव्हतं. म्हणून तुम्हाला मी आधीच्याही आधी बसवलं. सतरंज्या अंथरणं चालू होतं. माइकवाला तारा जोडत होता आणि तुमच्या गाण्यात मधे मधे "हॅलो, हॅलो" म्हणत होता. हे मला नंतर इतरांकडून कळलं, कारण मी तिथं नव्हतो. मी फाटकावर साहेबांची वाट पाहत उभा होतो.

घरी आल्यावर तू विचारलंस, "ऐकलं का तुम्ही?"

"हो. छान झालं."

"कुठली ओळ आवडली?"

मी चपला जागेवर ठेवत बसलो. जोडी सरळ करायला फार वेळ लावला. तू म्हणालीस, "जेवायला वाढते."

पद्मा, तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडणात मी तरबेज आहे, तुला उत्तरं दिली असती. जिल्ह्याची इभ्रत, शास्त्राची शुद्धता, श्रोत्यांची अपेक्षा, सगळं काढलं असतं. तू वाढलंस आणि मी जेवलो. त्यानंतर तू घरात मोठ्यानं गायलीस असं मला आठवत नाही. रांगेत गात होतीस, ते हलीमाबीकडून कळायचं. मी मनाशी म्हणायचो, एकदा सवडीनं हिला म्हणावं, ते गाणं म्हण. मग दवाखाना लागला. दवाखान्यात गाणं म्हण असं कोण कोणाला म्हणतं?

हा माझा अपराध आहे, आणि तो मी इथं लिहून ठेवतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. तू गेल्यापासून मी रडतोय थोडा आणि विचार जास्त करतोय, आणि विचार केल्यावर मला स्वच्छ दिसायला लागलं आहे. मी ज्याला चोखंदळपणा म्हणत होतो त्यातला निम्मा भाग भीतीचा होता. साहेब हसतील याची भीती. ख्यालावर माझं प्रेम खरं आहे, तेव्हाही होतं, आजही आहे. त्या प्रेमाला खालच्या मडक्यांची गरज नव्हती. ती मी लावली.

दोन दिवसांनी नानांकडे गेलो. म्हटलं, "बैठक करू. फक्त क्रम मी लावणार. आधी मुलगा, मग गवई, आणि शेवटी टँकरच्या रांगेतल्या बायका."

नाना म्हणाले, "गवयानंतर? अहो, तो उठून जाईल."

"जाऊ द्या."

"भैरवीचं काय?"

"त्या म्हणतील तीच भैरवी."

नाना बराच वेळ चष्मा पुसत होते. तू गेल्यामुळं माझं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण ते अचानक फार प्रेमानं बोलायला लागले. शेवटी 'बघू' म्हणाले. मी मात्र तिथून फार खुशीत निघालो. वाटलं, फिटलं. शेवटचा मान तुला दिला. तुझ्यावर माझ्याकडून असा उपकार होताना पाहून मला जवळजवळ गहिवरून आलं, आणि त्याच तंद्रीत मी थेट रांगेकडे गेलो, ही बातमी द्यायला.

उन्हं कलली होती, टँकरचा पत्ता नव्हता. सुतकाच्या दिवसांत हलीमाबी आणि सुजाताताईंनीच आपल्या घरचं पाणी भरलं होतं, स्वतःच्या वाट्यातलं. मी आधी त्याबद्दल बोललो, मग बैठकीचं सांगितलं. शेवटी गाणं म्हणजे केवढा मान असतो, तेही सांगितलं.

हलीमाबी म्हणाली, "आखरी में? नक्को भाईसाब. आखरी में सब सोए हुए रहते. हमना किसकू सुनाना, सतरंजीवाले कू?"

बायका हसल्या. मीही हसलो, मग म्हटलं, "नाही, खरंच. मोठ्यात मोठ्या कलाकाराची जागा आहे ती."

सुजाताताई हसल्या नव्हत्या. शाळेत फळ्याकडे वळण्याआधी मुलांकडे पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, राग मानू नका. त्या वर्षी आम्हाला सगळ्यांच्या आधी बसवलं, ते तुम्हीच ठरवलं. आता सगळ्यांच्या शेवटी बसवून राहिलात, तेही तुम्हीच ठरवलं. आम्ही कुठं बसायचं ते आम्हाला एकदा विचारायचं तरी."

या वेळी चपला नीट लावण्यासारख्याही नव्हत्या, पायातच होत्या. मी विचारलं, "मग कुठं बसणार?"

"आम्ही बसतच न्हाई," त्या म्हणाल्या. "इथं उभ्या असतो रोज. ऐकायचं असेल तर या."

"आणि घागर लेके आओ," हलीमाबी म्हणाली. "खाली हात आए तो रस्ते के लोगां कुछ और समझींगे."

नानांना तसंच कळवलं: बैठक करा, तिच्या नावानं नको, आणि तिच्यासाठी काही ऐकायचं असेल तर उद्या घागर घेऊन रांगेत या. नाना म्हणाले, "अहो, पण आमच्याकडे बोअर आहे." चिटणीसपदाचा राजीनामा दिलेला नाही. यंदा कव्वालांकडे निरोप मी पाठवणार आहे, आणि तो प्रश्न मंडळापुढं ठेवणार नाही.

काल मी घागर घेऊन गेलो. तुझी जागा त्यांनी मधेच रिकामी ठेवली होती, सुजाताताईंच्या मागं. मी तिथं उभा राहिलो. सगळ्या कॉलनीनं पाहिलं, कचेरीतल्या दोघा शिपायांनीही पाहिलं. पाहू दे. हलीमाबीचं गाणं झालं, एका बाईचं वडारी गाणं झालं, सुजाताताईंचं त्यांच्या वडिलांनी बांधलेलं झालं. मी धृपद उचललं. उचललं म्हणजे काय, ओठ हलवले. हलीमाबीनं मागून घागर वाजवली, "आवाज, भाईसाब!" तेव्हा आवाज निघाला. वाईट आवाज आहे माझा, पद्मा. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज पारखले, हा कधी तपासलाच नव्हता.

मग तुझी पाळी आली. मी म्हणालो, मला ते गाणं येत नाही. "आम्हाला येतं," सुजाताताई म्हणाल्या, आणि त्यांनी सुरू केलं. खालच्या सुरात सुरू होतं ते, आणि दुसऱ्या ओळीला अचानक वर जातं, जसं कोणी जिना चढता चढता हाक मारावी. रांगेनं उचललं. मी पहिल्यांदाच ते गाणं ऐकलं, तुझ्याशिवाय, आणि सगळ्यांच्या तोंडून. तू घेत असशील त्या जागा त्यांनी तशाच ठेवल्या आहेत. एका ठिकाणी सगळ्या जणी किंचित थांबतात. मी विचारलं, इथं का थांबता? हलीमाबी म्हणाली, "यहाँ उनो साँस लेते थे ना, पद्माताई."

पुढचं धृपद मला म्हणता आलं नाही. त्याबद्दल कोणी मला टोकलं नाही.

"अर्थ काय याचा?" मी नंतर विचारलं.

"पद्माताईंना विचारलं होतं," सुजाताताई म्हणाल्या. "त्या म्हणल्या, आधी म्हना, मग सांगते. राहूनच गेलं."

देगलूरला तुझ्या भावाला विचारलं तर एका मिनिटात कळेल. विचारीन कधीतरी. आधी पाठ करतो.

टँकर आला, गाणं अर्ध्यात तुटलं, सगळ्या घागरी पुढं सरकल्या. मी मागं राहिलो तर हलीमाबी ओरडली, पुढं व्हा म्हणून. निघताना सुजाताताई म्हणाल्या, "आजचं ताईंचं झालं. उद्या तुमचं."

"मी गात नाही. मी ऐकणारा आहे."

"रांगेत आहात ना?"

"वो आ... आ... वाला मत लाओ," हलीमाबी घागर कमरेवर घेत म्हणाली. "घागर भर के घर कू पोंच जाती, वो खतमच नै होता."

म्हणून आज सकाळपासून बसून निवड केली आहे. भूपातली एक बंदिश, दोनच ओळींची. मुखडा असा की चौथ्यांदा ऐकल्यावर रांग उचलेल. घरात कोणी नसताना म्हणून पाहिली. तार षड्जाला आवाज फाटतो. फाटू दे. बायका तोंडावर सांगतील, आणि नाही आवडलं तरी धृपद म्हणतील. एवढा भरवसा मला कुठल्याच मैफिलीत वाटला नव्हता.

पण आलाप मी सोडणार नाही, पद्मा. तो माझ्या घरचा आहे. पूर्ण घेईन, सावकाश, हलीमाबीनं कितीही घागर वाजवली तरी. वेळ भरपूर आहे. टँकर कधी वेळेवर आलाय?